मंत्री महोदय, पाऊस फायलीसाठी थांबत नाही

प्रति,
मा. मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

पत्रास कारण, गेल्या मंगळवारी आलेला दोन ओळींचा ईमेल. माझा विद्यावेतनाचा प्रस्ताव परत पाठवला आहे. त्रुटी अशी की चालू हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र जोडलेलं नाही. साहेब, तो हप्ता मला मिळालेलाच नाही. जे पैसे खात्यात आले नाहीत ते कुठे खर्च केले, हे मी सीएच्या सही-शिक्क्यानिशी कसं लिहून देऊ?

फेब्रुवारीत ठाण्यातल्या कार्यक्रमात तुम्ही व्यासपीठावरून शब्द दिलात की मार्चअखेर एकाही संशोधकाची थकबाकी राहणार नाही. मी चौथ्या रांगेत होते. टाळ्या मीही वाजवल्या. आज जुलै उजाडला. दरमहा ३७,००० प्रमाणे नऊ महिन्यांचे ३ लाख ३३ हजार रुपये येणं आहे.

मी कळव्याला राहते. नेटवर्क इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करते. वीज गेली की कुठल्या वस्तीतलं इंटरनेट किती वेळात बंद पडतं, हा माझा विषय. तो मला दिला १२ ऑक्टोबर २०२० या दिवसाने. कळवा-पडघे वीजवाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळं ठप्प झालं. कोविडचे दिवस होते, माझा ऑनलाइन तास अर्ध्यावर तुटला आणि समोरची चाळीस मुलं एकदम नाहीशी झाली.

त्यानंतर मी बारा पेट्या स्वतः जोडल्या. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, आत रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक, सिमकार्ड आणि बॅटरी. कळवा, विटावा, दिघा, ऐरोली इथल्या इमारतींच्या गच्च्यांवर, सेक्रेटरींच्या विनवण्या करून, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला त्या बसवल्या. एकाने विचारलं, "ताई, यात बॉम्ब तर नाही ना?" त्याला डबा उघडून दाखवला, तेव्हा कुठे त्याने प्लग लावू दिला. दर मिनिटाला पेटी सर्व्हरला हाक मारते आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते टिपून ठेवते. दोन पावसाळ्यांत जे दिसलं ते असं: वीज गेली की आधी घरोघरचं फायबर जातं, कारण जिन्यातल्या स्विचला बॅटरीच नसते. मग सगळी वस्ती एकाच वेळी मोबाइलवर येते, टॉवरवर ताण येतो, आणि त्याची बॅटरी उतरली की तोही गप्प. ऐरोली-रबाळ्याच्या डेटा सेंटरांमध्ये तेव्हा जनरेटर चालू असतात. इकडे दिघ्यातल्या रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठ्याची पडताळणी होत नाही.

त्या दुकानांसमोर माझा एक मित्र दोन वर्षं वही घेऊन उभा राहिला. त्याचा विषय सार्वजनिक धोरण. मशीन किती वाजता बंद पडलं, किती बाया रिकामी पिशवी घेऊन परत गेल्या, हे तो लिहायचा. त्याची वही आणि माझ्या पेट्यांच्या नोंदी यंदा आम्ही मिनिटामिनिटाने जुळवणार होतो. तो धोरणवाला, मी वायरवाली. पण प्रश्न एकच होता.

पेट्यांच्या बॅटऱ्या दर पावसाळ्यापूर्वी बदलाव्या लागतात. बाराही पेट्यांचे मिळून तीस-बत्तीस हजार होतात. मी तासिका तत्त्वावर शिकवते. त्या तासांचे पैसे सत्र संपल्यावर कधीतरी येतात. घरभाडं भावाने भरलं. त्याच्याकडे आणखी मागायला माझी जीभ रेटेना. मी चारच बॅटऱ्या घेऊ शकले. जूनमध्ये एका रात्री दिघ्यात वीज गेली ती पहाटेच आली. मला दोन वर्षं हवी होती तशी ती रात्र. दिघ्यातल्या तिन्ही पेट्या मुक्या होत्या. सकाळी गच्चीवर गेले तर एकीच्या झाकणात पाणी साचलं होतं. मी तिथेच बसून रडले.

थकबाकी व्याजासकट द्याल, पण ती रात्र कुठून आणून द्याल? पुलाचं काम थांबलं तर पुन्हा सुरू होतं. निसटलेला पावसाळा परत मोजता येत नाही. आणि नोंदणीपासूनची सहा वर्षांची मुदत मात्र तुमच्या फायलीसाठी थांबत नाही. मित्राने मे महिन्यातच वह्या बांधून ठेवल्या. तो आता क्लासमध्ये शिकवतो. त्याला मी दोष देत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात, विधान परिषदेत विचारलं गेलं होतं की पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार. नंतर दिलगिरी व्यक्त झाली. पण वृत्ती गेली नाही. साहेब, दिवे गेल्यावर गरिबाच्या घरी काय काय बंद पडतं, तेच मी मोजत होते.

देश संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, आणि त्यातलेही आमच्यापर्यंत पोचताना वाटेत नऊ महिने अडकतात. परदेशी प्रकाशकांची नियतकालिकं वाचायला मिळावीत म्हणून २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी मंजूर झाले. चांगलं झालं. पण ती सोय सरकारी संस्थांना आहे, माझं संशोधन केंद्र खासगी महाविद्यालयात आहे. म्हणजे दुसऱ्यांचं संशोधन मी वाचू शकत नाही आणि माझं स्वतःचं मला करू दिलं जात नाही. मग शेजारच्या डेटा सेंटरांची उद्घाटनं करताना 'ज्ञानाधारित अर्थव्यवस्था' हा शब्द कुणाच्या जिवावर वापरता? शिपायापासून सचिवापर्यंत प्रत्येकाचा पगार महिन्याला होतो. संशोधकाचीच भाकरी तेवढी 'प्रस्ताव' असते.

माझं मागणं एवढंच आहे. न मिळालेल्या हप्त्याच्या प्रमाणपत्राची अट आजच्या आज काढा आणि पैसे जुलैतच जमा करा. सप्टेंबरअखेरपर्यंत पाऊस आहे. बॅटऱ्या मिळाल्या तर दिघ्यातल्या पेट्या मी एका दिवसात सुरू करते. वह्या मित्राने अजून रद्दीत घातलेल्या नाहीत, मी कालच विचारलं.

आपली,
कळव्यातील एक संशोधक विद्यार्थिनी