सामाईक डिश जरूर बसवा, पण एसडी की एचडी हे ज्याचं त्याला ठरवू द्या

प्रति,
मा. अध्यक्ष,
आपली गृहनिर्माण सोसायटी,
मनीषनगर, नागपूर

विषय : गच्चीवरील डिश काढताना केबल व चॅनेलच्या निर्णयाबाबत

महोदय,

नोटीस बोर्डावरची सूचना वाचली. मृग लागायच्या आत गच्चीचं वॉटरप्रूफिंग उरकायचं, त्यासाठी सगळ्या १४ डिश उतरवायच्या आणि मग एकाच डिशवरून सर्व घरांना एसडी, म्हणजे साध्या चित्राच्या, चॅनेलचं एकच पॅकेज द्यायचं, असं त्यात लिहिलंय. डिश कमी करायला माझी हरकत नाही. प्रत्येक डिशपायी स्लॅबमध्ये तीन-चार बोल्ट ठोकलेत आणि गेल्या पावसाळ्यात चौथ्या मजल्यावर ओल नेमकी त्यांच्याच खाली आली होती. पण एचडी, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राच्या चॅनेलबद्दल, "चित्र तेच, एचडी म्हणजे नुसते जास्तीचे पैसे" असं मागच्या सभेत म्हटलं गेलं, तेव्हा मी गप्प बसले याचं मला वाईट वाटतंय. म्हणून हे पत्र.

माझ्या सासूबाईंना आता फार कमी ऐकू येतं. मशीन लावलं की कानात घूं घूं होतं म्हणून त्या ते काढून ठेवतात आणि संध्याकाळच्या मालिका बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहून समजून घेतात. दिवाळीत आम्ही ४३ इंची टीव्ही घेतला, पण सेट-टॉप बॉक्स जुना, एसडीचाच होता. मोठ्या पडद्यावर चेहरे भुरकट दिसायचे. जरा मान हलली की ओठांच्या जागी नुसता लालसर ठिपका. सासूबाई खुर्ची पुढे ओढत ओढत टीव्हीपासून हातभर अंतरावर जाऊन बसायच्या. मग एचडी बॉक्स घेतला, तरी तीन आठवडे काही फरक पडला नाही. बसवायला आलेल्या मुलाने नवा बॉक्स जुन्याच लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांच्या वायरीने जोडला होता आणि त्या वायरीतून एचडी चित्र येतच नाही. एचडीएमआय वायर लावली त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "आता समजते मले, बाई काय बोलते ते." खुर्ची परत भिंतीशी गेली.

दोन्हींतला फरक मोजता येण्यासारखा आहे. आपल्याकडे एसडी चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं आणि एचडी १९२० बाय १०८०. गुणाकार करून पाहिलात तर एचडीत बरोबर पाचपट ठिपके भरतात. शिवाय उपग्रहावर जागा महाग असल्यामुळे एसडी चॅनेल दाबून दाबून बसवलेली असतात. पळणारा खेळाडू किंवा खाली सरकणारी बातम्यांची पट्टी फुटल्यासारखी दिसते ती त्यामुळे. हे मी एसडीला नावं ठेवण्यासाठी लिहीत नाही. तळमजल्यावरच्या आजोबांचा टीव्ही २१ इंची आहे आणि ते दहा फुटांवर बसतात. त्यांना फरक जाणवणारही नाही. मराठी बातम्यांची बरीच चॅनेल तर एसडीतच येतात, त्यामुळे ज्याच्या घरी फक्त बातम्या लागतात त्याने एचडीचे पैसे का भरावे? प्रत्येक घराची गरज वेगळी आहे, एवढंच मला म्हणायचं आहे. २०१९ साली नवी दरपद्धती लागू झाली तेव्हापासून ग्राहकाला आपली चॅनेल स्वतः निवडायची मुभा आहे. ती समितीने आपल्या हाती घेऊ नये.

आणि एचडीसाठी गच्चीवर वेगळी डिश लागत नाही. कंपनीची तीच डिश दोन्ही आणते. घरात एचडी बॉक्स आणि एचडीएमआय वायर असली की झालं, तो खर्च ज्याचा त्याने करावा. सोसायटीकडे येते ती गच्चीपासून घरापर्यंतची वायर, आणि खरी काळजी मला तिचीच आहे.

कोटेशनमध्ये "एक एलएनबी व स्प्लिटर" लिहिलंय, म्हणजे डिशवरचा सिग्नल पकडणारा एकच डबा आणि त्याच्या एका वायरीचे अनेक फाटे करणारा जोड. कृपया हे मान्य करू नका. डिशच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला घरातला बॉक्स वायरीतूनच व्होल्टेज पाठवतो. १३ व्होल्ट गेले की उभ्या लहरींवरची चॅनेल येतात, १८ गेले की आडव्या लहरींवरची. एका एलएनबीवर स्प्लिटर लावून दहा घरं जोडली, तर ३०१ मध्ये कोणी चॅनेल बदललं की २०२ मधलं जाऊ शकतं. मग ते एसडी असो की एचडी. अनेक घरांसाठी चार तोंडांचा एलएनबी आणि मल्टिस्विच, म्हणजे प्रत्येक घराला हवी ती लहर वेगळी देणारी पेटी, लागते, म्हणजे प्रत्येक घर स्वतंत्र राहतं. आपल्याकडे तीन कंपन्यांची कनेक्शन आहेत, तिघांचे उपग्रह वेगळे, म्हणून १४ च्या जागी ३ डिश येतील. हे सगळे उपग्रह विषुववृत्तावर असतात, त्यामुळे नागपुरात डिशचं तोंड दक्षिणेच्या बाजूलाच राहतं. जिन्यावरच्या खोलीची दक्षिण भिंत मोकळी आहे. तिन्ही तिथे ब्रॅकेटवर लावल्या तर स्लॅबला एकही भोक पाडावं लागणार नाही.

वायर चांगल्या प्रतीची आरजी-६ (डिशसाठीची जाड गोल केबल) असावी आणि पाइपातून न्यावी. परवा गच्चीवर जाऊन आमच्या डिशचा जोड मी उघडून पाहिला. उन्हाने वायरीचं काळं आवरण तडकून सालीसारखं हातात आलं आणि आतली तांब्याची पिन हिरवी पडली होती. वरच्या कूलरचं पाणी वर्षानुवर्षं तिथेच ठिबकतंय. ४५ अंशांच्या उन्हात उघडी टाकलेली वायर किती टिकणार? सिग्नल कमजोर झाला की सहसा एचडी चॅनेल आधी तुटतात आणि आपण दोष ढगांना देतो.

ठेकेदार ५ मेला काम सुरू करणार आहे. त्याआधी मल्टिस्विचचं दुसरं कोटेशन मागवावं आणि पॅकेजचा मुद्दा सूचनेतून काढावा, ही विनंती. रविवारी संध्याकाळी आपण आणि सचिव आमच्याकडे यावं. जुना बॉक्स मी अजून टाकलेला नाही. एकच मालिका दोन्ही बॉक्सवर लावून दाखवते.

आपली नम्र,
सदनिका क्र. ३०४