बाईच्या हजेरीत गडी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

करोनाकाळात शहरातून परतलेल्या माणसांमुळे शेतीला मनुष्यबळ मिळालं, हा कालच्या अंकातला लेख वाचला आणि संताप आला. आधी काय शेतं ओस पडली होती? आमच्या साताऱ्यातल्या माण-खटावात भांगलण (तण काढणं), कांद्याची लागण, काढणी ही कामं बायकाच करत आल्या आहेत. पुरुष नवी मुंबईच्या बाजारात माथाडी, नाहीतर सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या गलाईच्या कामासाठी परमुलखात. घरची शेती, जनावरं, म्हातारी माणसं सांभाळून रोजानं जाणाऱ्या या बायकांवर लेखात एक ओळ नाही.

आमच्या मजूर बायकांच्या टोळीचा हिशेब मी ठेवते, म्हणून सांगते. २०२० च्या खरिपात बाईची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, २०० रुपये होती, गड्याची ३००. मुंबईहून आलेली पोरं लॉकडाऊनपासून बसून होती, तिकडे खोलीचं भाडं तुंबत होतं. ती २०० वर यायला तयार झाली. माझा दीरही त्यांच्यात होता, त्यांना मी दोष देत नाही. पण ज्यांच्या रानात आम्ही वर्षानुवर्षं जातो, त्या बागायतदारांनी बांधावर उभं राहून सांगितलं, "बाईच्या हजेरीत आता गडी मिळतोय. दीडशेत परवडत असेल तर या." कांद्याची लागण आम्ही उक्ती, म्हणजे सगळ्या कामाचे एकदम पैसे ठरवून, घ्यायचो, तीही पोरांना दिली. त्यांच्या हाताला सवय नव्हती, वाफे विरळ लागले. मग नांग्या, म्हणजे रोपांमधल्या मोकळ्या जागा, भरायला आम्हालाच बोलावलं, दीडशेच्याच हजेरीनं. आम्ही गेलो, कारण दुसरीकडे कुठे जाणार होतो? दिवाळीनंतर पोरं परत गेली, तरी हजेरी २०० वर यायला पुढची सुगी उजाडली.

शेतीत काम करणाऱ्यांचं प्रमाण २०१८-१९ मधल्या ४२.५ टक्क्यांवरून २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्क्यांवर गेलं, याचं लेखकांना कौतुक वाटतं. रान तेवढंच, पाणी तेवढंच आणि हात वाढले, तर मजुरी कुणाची उतरते हे त्यांनी एखाद्या मजूर बाईला विचारायला हवं होतं.

रोजगार हमीला त्या वर्षी ६१,५०० कोटींवर आणखी ४०,००० कोटी मिळाले, हेही लेखात आहे. खरं आहे. पण केंद्राचे १०० दिवस तेव्हा माणसाला मिळत नव्हते, कुटुंबाला मिळत होते. नवरा आणि दीर घरी आले की तेच दिवस वाटून घ्यायचे. त्यापुढचं काम राज्याच्या कायद्यानुसार मागता येत होतं, म्हणून आम्ही बायकांनी कामाच्या मागणीचा अर्ज, नमुना ४, भरून दिला. त्याची तारखेची पावती, म्हणजे नमुना ५, मिळायला हवी होती. "साहेब आले की देऊ" असं अर्ज घेणारे म्हणाले, ती आजतागायत मिळाली नाही. पावती नाही, तर १५ दिवसांत काम दिलं नाही हे सिद्ध कशानं करायचं आणि बेकारी भत्ता कुठून मागायचा? त्या वर्षी राज्यात रोजगार हमी योजनेची (रोहयो) दिवसाची मजुरी २३८ रुपये होती. गावाच्या शिवारात ते काम सुरू असतं तर दीडशेचा शब्द काढायची कुणाची छाती झाली नसती. रोहयोमुळे मजूर माजले म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आणखी एक. परतलेल्यांसाठी जून २०२० मध्ये केंद्रानं गरीब कल्याण रोजगार अभियान काढलं, सहा राज्यांतल्या ११६ जिल्ह्यांसाठी. त्यात महाराष्ट्रातला एकही जिल्हा नव्हता. उत्तर प्रदेश-बिहारला जाणारे श्रमिक रेल्वेत तरी मोजले गेले. मुंबईहून टेम्पोत बसून, चालत साताऱ्याकडे आलेला मजूर कुणी मोजला? आपल्या पुढाऱ्यांनी त्यावर आवाज उठवल्याचं मला आठवत नाही.

तुमच्या अंकात कांद्याचे आणि डाळिंबाचे बाजारभाव नेमानं येतात. आठवड्यातून एकदा तालुकावार मजुरीचे दरही छापा, बाईचा आणि गड्याचा वेगवेगळा. आम्ही आमच्या भागातले कळवत जाऊ.

आपली,
एक शेतमजूर वाचक, ता. माण, जि. सातारा