बछडा ठेवून घ्यायचा होता म्हणतोस?

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून लिहायला बसलोय. पत्रात मध्येच तोंड घालता येत नाही, तेवढाच माझा फायदा.

ऊस तोडताना सापडलेला बिबट्याचा बछडा वनखात्याच्या माणसांनी संध्याकाळी टोमॅटोच्या क्रेटात घालून पुन्हा त्याच सरीत नेऊन ठेवला आणि रात्री आई येऊन त्याला घेऊन गेली. झक्क काम झालं. आणि तू मात्र तोंड पाडून बसलायस. काय तर म्हणे, चिमीनं जीव लावला होता, ठेवून घेतला असता तर काय बिघडलं असतं, लहानपणापासून माणसात वाढवला की वाघसुद्धा माणसाळतो.

माणसाळतो रे. तिथेच तर खरी गोची आहे. माणसाळलाच नसता तर पहिल्या महिन्यातच तू वैतागून सोडून दिला असतास.

तुला बाकूच्या बर्बेरोव्ह कुटुंबाची गोष्ट सांगतो. बाकू म्हणजे अझरबैजान, तेव्हाच्या सोव्हिएत संघातलं. लेव्ह बर्बेरोव्ह हा आर्किटेक्ट, बायको नीना, एक मुलगी, एक मुलगा. राहायला चांगल्या वस्तीतला फ्लॅट. १९७० च्या सुमाराला त्यांनी तिथल्या प्राणिसंग्रहालयातून सिंहाचं एक मरतुकडं पिल्लू घरी आणलं. आईनं टाकलेलं, मागचे पाय धड चालत नव्हते. नीनानं त्याला बाटलीनं पाजलं, तासन्‌तास पाय चोळले, रात्री उशाशी घेऊन झोपली. पिल्लू जगलं. त्याचं नाव ठेवलं किंग. घरात एक छोटं कुत्रं होतं, किंग त्याच्याशी खेळत मोठा झाला. पोरांच्या पलंगावर लोळायचा. फोटोत बघशील तर तुझ्या चिमीनं मांजर कवटाळावं तशी ती पोरं सिंहाच्या आयाळीत तोंड खुपसून बसलेली दिसतात.

शेजारीपाजारी मात्र वासानं आणि डरकाळ्यांनी बेजार. त्यांच्या तक्रारी कोण ऐकतो? देशभर या घराचं नाव झालं होतं, पाहुणे येत होते, वर्तमानपत्रांत छापून येत होतं. पूर्ण वाढलेला नर सिंह दीडशे ते अडीचशे किलोचा असतो, दत्ता. तुझ्या गोठ्यातल्या मोठ्या कालवडीएवढं जनावर, आणि ते सोफ्यावर बसलेलं.

मग सिनेमावाले आले. १९७३ च्या जुलैत मॉस्कोत एका विनोदी चित्रपटाचं शूटिंग होतं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून किंगची सोय शाळेतच केली होती. एक दिवस तो खिडकीतून बाहेर पडला आणि बाहेरच्या हिरवळीवर एका तरुणाला त्यानं खाली पाडलं. तो खेळत होता की हल्ला करत होता, यावर आजही दोन मतं आहेत. तिथं पोचलेल्या पोलिसानं गोळ्या घातल्या. त्या पोलिसाला लोक पुढे कित्येक वर्षं शिव्या देत राहिले. मला विचारशील तर त्याची काही चूक नव्हती. सिंह एका पोराच्या अंगावर आहे, हाताशी पिस्तूल आहे; त्यानं काय आधी चौकशी करायची?

इथं गोष्ट संपली असती तर मी तुला सांगितलीही नसती. सिनेमा पुढच्या वर्षी लागला, लोक पोट धरून हसले, आणि बर्बेरोव्हांनी दुसरा सिंह आणला. ओळखीच्या लेखक-कलावंतांनी त्यासाठी खटपट केली. त्याचंही नाव किंगच ठेवलं. याच ठिकाणी मी अडून बसतो. पहिल्याचा स्वभाव हा त्या एका जनावराचा स्वभाव होता. यांना वाटलं ती आपल्या मायेची कमाई. म्हणून तेच नाव, तोच फ्लॅट, तीच पोरं, वर सोबतीला प्यूमा नावाचं एक मोठं अमेरिकन रानमांजरसुद्धा. दुसरा तसा नव्हता. घरात त्याला ताब्यात ठेवणारा एकटा लेव्ह, आणि तो १९७८ मध्ये वारला. नोव्हेंबर १९८० मध्ये एके दिवशी तो सिंह नीनावर धावून गेला. मुलगा रोमान समोर होता, चौदा वर्षांचा. सिंहानं त्याला मारलं. पोलिसांनी येऊन सिंहाला मारलं, प्यूमालाही मारलं. नीना जखमी होऊन वाचली. त्या दिवशी सिंह कशानं बिथरला याची दहा कारणं लोक सांगतात. मला एकही महत्त्वाचं वाटत नाही. घरात रोज काही ना काही घडतच असतं: भांडं पडतं, पोर रडत पळतं, शेजारी दार आपटतो. मांजर दचकून माळ्यावर जाऊन बसतं, सिंह काय करील ते त्या क्षणापर्यंत त्यालाही ठाऊक नसतं.

तू म्हणशील, सिंहाचं जाऊ दे, राजेमहाराजे चित्ते पाळत नव्हते का? पाळत होते. आपल्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडे शिकारीचे चित्ते होते, आणि इकडचे संपत आले तेव्हा संस्थानानं आफ्रिकेतून मागवले. डोळ्यांवर टोपी घालून त्यांना बैलगाडीतून काळविटांच्या मागे न्यायचे. पण गंमत अशी की चित्ता पकडायचे तो मोठा झालेला, आईकडून शिकार शिकलेला. पिल्लू धरून वाढवलं तर ते शिकारीच्या कामाचं राहायचं नाही. आणि अकबरानं हजार चित्ते बाळगले, त्यांची पिलं व्हावीत म्हणून धडपड केली, तरी झाली नाहीत. जहांगीरच्या वेळी एकदाच एका मादीला पिलं झाली, तर त्यानं ती नवलाची गोष्ट म्हणून लिहून ठेवली. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातून खाऊनही चित्ता रानटीच राहिला. शेवटी हिंदुस्थानातून नाहीसाच झाला, १९५२ मध्ये सरकारनं तसं जाहीर केलं.

आणि प्रकाशभाऊ आमट्यांचं नाव मध्ये आणू नकोस. तू ते आणणार हे मला फोन घेतानाच माहीत होतं! हेमलकशाच्या त्यांच्या प्राण्यांच्या अनाथालयाची सुरुवात कशी झाली आठव. तिथले माडिया आदिवासी शिकार केलेलं माकड घेऊन चालले होते आणि मेलेल्या आईला पिल्लू चिकटलेलं होतं. ते पिल्लू त्यांनी मागून घेतलं. पुढे बिबटे आले, अस्वलं आली, ती बहुतेक अशीच, मागे कोणी न उरलेली. तुझ्या बछड्याची आई दोन सऱ्या पलीकडे उसात दबा धरून बसली होती. तुम्ही अनाथ सांभाळत नव्हता, दुसऱ्याचं पोर उचलून आणलं होतं.

आता थोडं माझ्या पेशाचं, जनावरांच्या डॉक्टरकीचं. वहिनींनी त्याला वाटीत गाईचं दूध दिलं, त्यानं चाटून पुसून प्यालं, म्हणून सगळे खूश. दुसऱ्या दिवशी हगवण लागली असती. ते सोसलं तरी पुढे काय? लोक प्रेमानं नुसतं सोललेलं कोंबडीचं मांस घालतात, हाडं नाहीत, आतडी-काळीज नाही. कॅल्शियम मिळत नाही, हाडं ठिसूळ होतात, पाय वाकतात, उडी मारली की मोडतात. नोकरीत जन्म गेला, त्यात घरात वाढवलेली रानमांजराची पिलं माझ्या टेबलावर आली होती. मालक डोळे पुसत उभे, आणि दोष देऊ म्हटलं तर द्यायचा कुणाला? आणि बिबट्याला वर्षा-दीड वर्षात दात, नखं, ताकद सगळं येतं, मुताच्या पिचकाऱ्यांनी भिंती ओल्या करायला लागतो. फोनवर ज्या रील्स बघून चिमी हट्ट धरते, त्यात जनावर कधी दोन वर्षांचं असतं का बघ. त्याच्या आधीच कॅमेरा बंद होतो. पुढचं आयुष्य पिंजऱ्यात. माणिकडोहच्या बिबट्यांच्या निवारा केंद्रात जाऊन बघ, तुझ्यापासून मोटारसायकलवर कितीसं लांब आहे? तिथले काही बिबटे कायमचे आत आहेत. चांगलं सांभाळतात, पण पिंजरा तो पिंजराच.

कायद्याचं तुला माहीतच आहे: बिबट्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये, घरात ठेवला तर तीन ते सात वर्षं आत. पोलीस पाटलाचा जावई असून तुला हे मी सांगायचं!

चिमीला वनखात्याकडचा कॅमेऱ्यातला फोटो मिळतो का ते विचार. आई क्रेट कलंडून पिल्लू मानेला धरून नेते, तो क्षण कधीकधी त्यात सापडतो. पोरीला तो दाखव, माझं व्याख्यान नको.

वरच्या मळ्याची तोड राहिली आहे ना? मुकादमाला सांग, एका कडेनंच तोडत यायचं, मध्ये बेट राखायचं नाही, म्हणजे आईला निघून जायला वाट राहील. टोळीतल्या बायकांची पोरं बांधावर उसाच्या कडेला निजवतात, ती खोपीजवळच ठेवायला लाव आणि जवळ एक मोठं माणूस बसव. पुन्हा पिल्लू दिसलं तर हात न लावता तोड थांबवायची आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरला फोन करायचा.

मी संक्रांतीनंतर येतोय. वहिनींना म्हणावं, मासवडी केलीत तर मुक्कामी राहीन, नाहीतर संध्याकाळच्या एसटीनं परत.

तुझा,
विन्या