पिंजरा मागण्याआधी : नाशिकच्या मित्रास पत्र

बोरिवली (पूर्व)
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

तुझा फोन ठेवला आणि झोपच लागेना. तुमच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीतला तो बिबट्या मी तीनदा पाहिला. पार्किंगमधून येतो, पाण्याच्या टाकीपाशी थबकतो आणि भिंतीवरून पलीकडे. सगळं मिळून अकरा सेकंद. त्यावरून तुमच्या ग्रुपवर दोन दिवस एकच धोशा चाललाय, पिंजरा लावा. तू विचारलंस, "तुम्ही तिकडे इतकी वर्षं कसे राहता रे?" फोनवर मला धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलोय. लांबेल, पण शेवटपर्यंत वाच.

आमच्या गॅलरीतून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची (एसजीएनपी) झाडं दिसतात, तू पाहिलीच आहेस. इथे राहायला आल्यापासून कितीतरी वर्षं मी त्यांच्याकडे नुसता 'व्ह्यू' म्हणून पाहत होतो. उद्यान म्हणजे पोरांना वनराणी या छोट्या आगगाडीत बसवायचं, कान्हेरीच्या लेण्यांना एक चक्कर मारायची, येताना कणीस खायचं. १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, या अंगाला बोरिवली नि मालाड, त्या अंगाला मुलुंड आणि ठाण्याचं येऊर, आणि मधे कुणीतरी आपल्यासारखंच घर करून राहतंय, हे कधी मनातच आलं नाही.

२००४ चा जून आठवतोय ना? तू तेव्हा मालाडला होतास. उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांमध्ये एकामागून एक माणसं बिबट्याच्या हल्ल्यात गेली. त्यात लहान मुलं होती. आज तुमचा ग्रुप जे म्हणतोय तेच तेव्हा आम्ही म्हणत होतो. पिंजरे लागले, बिबटे धरले गेले, पेपरात फोटो आले. आम्हाला वाटलं, सुटलो.

पुढे हळूहळू कळत गेलं की गोष्ट इतकी सरळ नव्हती. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात याचा अभ्यास केला होता. उसातून पकडलेले बिबटे लांब नेऊन सोडले, तर ज्या भागात सोडले तिथेच माणसांवरचे हल्ले वाढलेले दिसले. पिंजऱ्यात कोंडून, परक्या मुलुखात सोडलेलं जनावर बिथरतं आणि आपल्या जागेच्या ओढीने चालू लागतं. बरं, जिथून उचललं ती जागाही रिकामी राहत नाही. दुसरा येऊन बसतो, बऱ्याचदा तरणा आणि त्या गल्लीबोळांची माहिती नसलेला. म्हणजे पिंजऱ्याने बिबट्या जात नाही, बंड्या. ओळखीचा जातो आणि अनोळखी येतो.

२०११ साली वनखातं, संशोधक आणि शहरातली काही मंडळी एकत्र आली आणि 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू झाला. सुनील लिमये तेव्हा उद्यानाचे प्रमुख होते. ही माणसं पोलिसांकडे गेली, पत्रकारांशी बोलली, शाळांत आणि सोसायट्यांत जाऊन बसली. त्यानंतर आमच्याकडेही एक सभा झाली. गच्चीवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पांढरी चादर. आमच्यातल्या एकाने उठून सांगितलं की भिंत चार फूट वाढवू आणि वर काचा लावू. बोलायला आलेल्या मुलीने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचा ओला कचरा रात्रभर कुठे असतो?"

कुणीच बोलेना. कारण तो कुठे असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या भिंतीला लागून, उघड्या पिंपात. त्या पिंपाभोवती आठ-नऊ कुत्री रोज रात्री असायची. उद्यानाच्या कडेच्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा असतो. ती मुलगी एवढंच म्हणाली, "जेवण तुम्ही वाढताय. पाहुणा आला की ओरडताय."

पिंप हललं. कचरा सकाळीच खाली आणायचा असं ठरलं, मागच्या वाटेला दिवा लागला, भिंतीपाशी उरलंसुरलं टाकणं बंद झालं. याला पंधरा दिवसही लागले नाहीत. तुम्हीही हे आधी करा, बाकी सगळं नंतर.

पण तुला खरं जे सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. त्या सभेने आमची घाबरगुंडी कमी झाली, जंगल मात्र परकंच राहिलं. माहिती कळली, ओळख झाली नाही. ५ जूनला चित्रकला स्पर्धा, झाडांना नावाच्या पाट्या, मुलांकडून घोषणा, हे सगळं आम्ही मनापासून केलं. त्याने फारसं काही होत नाही, असं आता माझं ठाम मत आहे. मुलं वाघाचं चित्र काढून बक्षीस घेतात आणि घरी जाताना गेटवरच्या करंजाकडे मान वर करूनही बघत नाहीत.

म्हणून मी फेरी काढायचं ठरवलं, आणि पहिली फेरी पार फसली. साठ माणसं नेली होती. डबे, पाण्याच्या बाटल्या, गप्पा, सेल्फी. एक पक्षी दिसला नाही. परतताना एक आजोबा म्हणाले, "याच्यापेक्षा बागेत गेलो असतो." मला फार लागलं ते, पण त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून बाराच्या वर माणसं न्यायची नाहीत. परवानगी काढायची, वनखात्याचा माणूस सोबत घ्यायचा, सकाळी साडेसहाला आत आणि पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. ही दहा मिनिटं काढणं मोठ्यांनाच जड जातं, मुलांना नाही.

एक सकाळ सांगतो. उद्यानातल्या शिलोंड्याच्या वाटेवर, पाऊस संपून दोन-तीन आठवडे झाले होते. वाटेच्या मधोमध वाळून पांढरट झालेली विष्ठा पडली होती. आमच्या बायकांनी नाकाला पदर लावले. बरोबरचा वनरक्षक उकिडवा बसला आणि काडीने ती हळूच उकलली. आत केसांचे गुंतलेले पुंजके आणि हाडाचा नखाएवढा तुकडा. "बिबट्याची. केस कुणाचे ते सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं," तो म्हणाला. "चितळाचे निघतात, सांबराचे निघतात, आणि कडेला कुत्र्यांचेही निघतात." आमच्या दुसऱ्या मजल्यावरची आठ वर्षांची पोर त्याच्या शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून वाकली होती. तिने विचारलं, "आमचा काळू दिवाळीत हरवला. तो यात असेल?" तो माणूस खोटं बोलला नाही. म्हणाला, "असू शकतो." ती बराच वेळ तिथेच बघत राहिली. रडली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तो आता जंगलात आहे."

बंड्या, मी त्या सभेत पन्नास स्लाइड पाहिल्या होत्या. त्यातल्या एकीनेही मला हे दिलं नव्हतं.

हीच पोर २०१६ च्या पावसाळ्यात जन्मलेली, ज्या वर्षी आमच्याकडे कारवी फुलली होती. कारवी म्हणजे डोंगरउतारावरचं झुडूप, इथे आठ वर्षांनी एकदा फुलतं. २००८, २०१६, आणि मग २०२४. तिला मी २०२४ च्या सप्टेंबरात मुद्दाम नेलं. उतारच्या उतार जांभळे झालेले, मधमाश्यांचा नुसता गुंजारव, आणि कारवीचं खरखरीत पान ती गालावर घासून बघत होती. मी तिला सांगितलं की ही झाडं आता बी धरून मरणार, आणि पुढचा बहर येईल तेव्हा तू कॉलेजात असशील. तिने बोटांवर मोजलं. "२०३२." ती तारीख तिला आता पाठ आहे.

मोठ्या माणसांना मी आधी पाण्याकडे नेतो. कान्हेरीला लेण्यांच्या दारादारात कातळात खोदलेली टाकी आहेत. तिथल्या जुन्या लेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय. वर डोंगरावर पन्हळी कोरून पावसाचं पाणी या पोढ्यांत आणलंय, कितीतरी शतकं भिक्षूंची वस्ती त्यावर चालली. मग त्याच डोंगरांचं पाणी अडवून इंग्रजांनी १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव केला. आज मुंबईच्या पाण्यात या दोघांचा वाटा अगदी थोडा, पण तो अजून नळाला येतो. आमच्या इमारतीतल्या एक काकू, जंगलाचा विषय निघाला की उठून जाणाऱ्या, त्या पोढीत हात बुडवून म्हणाल्या, "मग हे आपलंच की." मी मान डोलावली, आणखी काही बोललो नाही.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल मला अजून टोचणी आहे. आम्ही इमारतीतली माणसं फेऱ्या काढत होतो, पण २००४ मध्ये जीव कुणाचे गेले? बहुतेक भिंतीच्या कडेच्या वस्तीतल्या आणि पाड्यांवरच्या माणसांचे. जिथे घरात संडास नाही, पहाटे अंधारात पोराला बाहेर बसावं लागतं. उकिडवं बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावर वाटू शकतं. त्या वस्तीला पर्यावरण शिक्षणाच्या आधी दिवा आणि संडास लागतो, आणि तोही आपण त्यांच्याबरोबर मागायला हवा. ते न करता नुसतं "बिबट्यावर प्रेम करा" म्हणणं मला पटत नाही.

आणि खरं तर शिकायचं आपण त्यांच्याकडून. उद्यानातले वारली पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला, म्हणजे वाघ-बिबट्याच्या देवाला, पुजत आलेत. एका पाड्यावरच्या मावशींना मी विचारलं, भीती वाटत नाही? म्हणाल्या, "वाटते ना. म्हणून तर पोरांना दिवेलागणीला घरात घेतो. त्याची वेळ त्याला, आपली आपल्याला." अंधारात एकटं मूल सोडायचं नाही, जाताना बोलत जायचं किंवा मोबाइलवर गाणं लावायचं, बिबट्या दिसला तर गर्दी करून त्याची वाट अडवायची नाही. सभेत आम्हाला जे सांगितलं ते मावशींनी दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं. आता आमच्या फेरीत त्या पाड्यावरचं कुणीतरी वाट दाखवायला असतं, आणि त्याचे पैसे आम्ही देतो. हे तुम्हीही पहिल्या दिवसापासून करा.

तुला वाटेल, मुंबईचं ठीक आहे, आमच्याकडे कुठे एवढं जंगल? अरे, तुमच्याइतकं जवळ कुणाला आहे! बोरगड हे महाराष्ट्रातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र, ते तुमच्या दारात. अंजनेरीवर एक इवलीशी वनस्पती उगवते, तिला नावच गडाचं दिलंय, सेरोपेजिया अंजनेरिका. आणि नांदूर मधमेश्वर तर राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे साऱ्या जगाने महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा. तुमच्या दीडशे घरांतली किती माणसं यातल्या एका जागी तरी नुसतं बघायला म्हणून गेलीत, ते एकदा ग्रुपवर विचारून बघ. रागावून नको, साधेपणाने विचार. आणि तुझा बिबट्या बहुधा गोदेकाठच्या मळ्यांतून, उसातून येणारा असेल. म्हणजे तुमच्या फेरीत एखादा शेतकरी असायला हवा. रात्री मोटार सुरू करायला जाताना त्याला काय दिसतं ते तुमच्या माणसांनी त्याच्या तोंडून ऐकायला हवं.

आमच्याकडे बिबटे कमी झालेले नाहीत. २०१५ मध्ये जंगलात आपोआप फोटो घेणारे कॅमेरे (कॅमेरा-ट्रॅप) लावून केलेल्या मोजणीत ३५ सापडले होते, नंतरच्या मोजण्यांत आकडा त्याहून वरच गेला. आमच्या मागच्या भिंतीवरून एक मादी अजूनही जाते, हिवाळ्यात जास्त. वॉचमन मला मिस्ड कॉल देतो. मी दिवा न लावता गॅलरीत येतो. कधी दिसते, बहुतेक वेळा नाही. पण कुत्री एकदम गप्प होतात ना, तेव्हा ती आहे हे कळतं. त्या वेळी मला भीती वाटते, अजून वाटते, आणि तरी मला ती तिथे असावीशी वाटते. हे तुला कसं पटवू माहीत नाही.

या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी रात्रीच्या गाडीने येतोय. वहिनींना सांग, जेवायला थांबू नका. रविवारी पहाटे आपण दोघंच तुमच्या मागच्या भिंतीच्या कडेने पुरती एक फेरी मारू, पिंप कुठे आहे, दिवा कुठे नाही ते वहीत उतरवून घेऊ. दहा वाजता तुझ्या कमिटीच्या माणसांना चहाला बोलाव. पिंजऱ्याचा अर्ज तोवर देऊ नका, एवढं कसंही करून थांबव. आणि तुझ्या नातीला लवकर उठव, ती आपल्याबरोबर येईल.

तुझा,
दिल्या