वरचे बरगे थांबवल्याबद्दल

आदरणीय मामा,
सा. न. वि. वि.

आपल्या नदीतल्या वनस्पतीवरचा शोधनिबंध छापायला स्वीकारला गेला. फोनवर सांगितलंच होतं, पण तुम्ही "लई झ्याक झालं" म्हणून लगेच पाण्याच्या पातळीवर आलात आणि आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. नवी प्रजाती सापडल्याच्या बातमीत संशोधकांची नावं येतात. बंधाऱ्याचे वरचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, थांबवणारा माणूस त्यात नसतो, आणि ते मला पटत नाही.

गावाचं आणि नदीचं नाव मात्र घालत नाही. ती खडकांची पट्टी लहान आहे, हौसेने बघायला आलेल्या दोन-चार गाड्यांनीही तिची नासाडी होईल. वनस्पतीचं नावही आज सांगत नाही. निबंध रीतसर प्रसिद्ध होईपर्यंत शास्त्राच्या लेखी ते नाव नसतंच, आणि आधी फुटलं तर पुढे घोळ होतो.

तुम्हाला आठवत असेल, मी पहिल्यांदा आले ती काठावरची झाडं बघायला. तुम्हीच मला पाण्यात उतरवलंत. एका ओल्या खडकावर नख ओढून दाखवलंत आणि म्हणालात, "शेवाळ नखानं निघतंय, हे निघत न्हाई. आन् पाणी उतरलं की ह्याला बोंडं येत्यात." कित्येक जाणकार माणसं या वनस्पतीला शेवाळ समजून ओलांडून जातात. शेवाळाला फूल येत नाही, बोंडही येत नाही. तुमच्या त्या दोन वाक्यांत या सगळ्या कुळाची ओळख होती.

पोडोस्टेमेसी हे त्या कुळाचं नाव. जगभरात सुमारे ३०० प्रजाती, बहुतेक उष्ण प्रदेशातल्या, आणि राहणं कुठे तर धबधब्यात, खळाळत्या पाण्यातल्या खडकावर. इतर झाडांची मुळं मातीत शिरतात. यांचं मूळ चपटं होऊन खडकावर पसरतं, हिरवं असतं आणि पानासारखं अन्नही तयार करतं. पावसाळाभर ते पाण्याखाली वाढतं. पावसाळा सरला, पाणी खाली गेलं, खडकाचं डोकं उघडं पडलं की थोड्याच दिवसांत फुलं, फळं, सगळं उरकायचं, कारण उन्हात ते मूळ वाळून जातं. बी धुळीसारखं बारीक. ओलं झालं की त्याच्या आवरणाला चिकटपणा येतो आणि ते खडकाला धरून बसतं. पुढच्या पावसाची सगळी भिस्त त्या चिकटपणावर.

आता त्यातली अडचण सांगते, म्हणजे तुम्ही काय केलंत ते वाचणाऱ्यांना कळेल. नुसत्या मुळावरून या कुळात प्रजाती ठरवता येत नाही. सह्याद्रीत ग्रिफिथेला हुकेरियाना नावाची वनस्पती आहे. तिचं मूळ कधी दोऱ्यासारखं, कधी रिबिनीसारखं, तर कधी चक्क पेल्याच्या आकाराचं होतं. श्रीलंकेतल्या पेराडेनिया बागेत काम करणाऱ्या जे. सी. विलिस यांनी १९०२ सालीच श्रीलंका आणि भारतातल्या या वनस्पतींवर मोठा अभ्यास छापला, आणि आकारांचा हा गोंधळ तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून फूल लागतं: पुंकेसर एक की दोन, कळीवरचं पातळ आवरण कसं फाटतं. फळही लागतं, आणि तेही पिकून तडकलेलं. फळाच्या दोन झडपा सारख्या आहेत की लहानमोठ्या, तडकल्यावर दोन्ही देठावर राहतात की एक गळून पडते, यावर या वनस्पतीचं गोत्र, म्हणजे जवळच्या नात्यातल्या प्रजातींचा गट, ठरतं. हिरव्या फळात हे दिसत नाही. पिकलेलं फळ हाती नसेल तर कितीही नवी वाटली तरी तिचं वर्णन पुरं होत नाही, आणि वर्णन नाही म्हणजे शास्त्राच्या दप्तरी ती वनस्पतीच नाही.

फुलं मला मिळाली ती तुमच्या फोनमुळे. रोज सकाळी न चुकता फोन यायचा, "दुसऱ्या दगडाचं डोस्कं उघडं पडलंय, तिसरा अजून बुडालाय." नदीची पातळी मोजायची साधनं पुष्कळ असतील, पण कोणत्या दगडावर कळी आली आहे ते कुठलंच साधन सांगत नाही.

त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला. खडक उघडे पडायला उशीर, म्हणून फुलं उशिरा, म्हणून फळंही उशिरा. आणि नदी उतरली की लगेच बरगे घालायची वेळ. ज्यांनी कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: पावसाळ्यानंतर खांबांच्या खाचांत एकावर एक बरगे बसवून पाणी अडवायचं आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते काढून घ्यायचे. अडवलेल्या पाण्याची फूग वर कुठवर जाते ते बरग्यांच्या थरांवर ठरतं. आपली खडकांची पट्टी फुगीच्या अगदी शेपटाला आहे. सगळे थर बसले की तीही बुडते, आणि ते पाणी थांबलेलं असतं. वाहतं पाणी थांबलं, खडकावर गाळ बसला, की ही वनस्पती जगत नाही. एरवी वरचे बरगे बसेपर्यंत बी सांडून मोकळं झालेलं असतं, म्हणून ती इतकी वर्षं तिथे टिकली. त्या वर्षी बोंडं हिरवी होती आणि बरगे काठावर आणून ठेवलेले होते.

मी तुम्हाला फक्त विचारलं होतं की किती दिवस आहेत. पाणी थांबवा असं म्हणायचा मला अधिकार नव्हता. उसाला पाणी लागतं, नदी उतरायला लागली की रोज वाहून जाणारं पाणी शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोरून जातं, आणि उन्हाळ्यात ते कमी पडलं तर पीक वाळतं. तुम्ही स्वतः ऊस लावणारे. तरी पाणीवापर संस्थेच्या बैठकीत तुम्ही उभे राहिलात. खालचे थर आत्ता घालू, जॅकवेलला, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीला, तेवढं पाणी पुरतं, वरचे दोन थर बोंडं वाळल्यावर, असं तुम्ही मांडलंत. कुणी विचारलं, शेवाळासाठी पाणी सोडायचं का? तेव्हा तुम्ही म्हणालात ते मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं: "पाणी कमी पडलं तर पयली मोटार माझी बंद करा." त्यानंतर कुणी हरकत घेतली नाही. त्या बैठकीतल्या सगळ्यांचेच आभार, हेही इथेच लिहिते. त्यांच्या हक्काचं पाणी होतं.

पिकलेली फळं गोळा करायच्या दिवसांत माझी परीक्षेची ड्यूटी आली आणि रजा मिळेना. तुमच्याकडे अल्कोहोलची बाटली ठेवली होती, छिन्नी-हातोडी तुमची. कपची कशी काढायची हे मी एकदाच दाखवलं होतं. बाटली हातात आली तेव्हा आत खडकाच्या तीन पातळ कपच्या होत्या, वनस्पती खडकाला तशीच धरून बसलेली, एकही देठ मोडलेला नाही. आणि बाटलीत एक चिठ्ठी, शिसपेन्सिलीने लिहिलेली, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते हे तुम्ही लक्षात ठेवलं होतं. तारीख, आणि खाली: "मोठा खडक, उगवतीची बाजू, पाणी घोट्याला, ऊन नऊनंतर." मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना नोंद कशी करावी ते शिकवते आहे. यात घालायला मला एकही शब्द सापडला नाही.

त्या रात्री सूक्ष्मदर्शकाखाली तडकलेलं फळ पाहिलं. मोहरीएवढं ते. दोन झडपांपैकी एक देठावर, दुसरीची फक्त जागा उरलेली, आणि अंगावरचे कंगोरे सह्याद्रीतल्या ज्ञात नातलगांपेक्षा वेगळे. मी किती वेळ तशीच बसून होते ते सांगता येणार नाही.

हे सगळं घडलं नसतं तर काय, याचं उत्तर पश्चिम आफ्रिकेत आहे. गिनी देशात कोंकुरे नावाची नदी आहे. तिथल्या राष्ट्रीय हर्बेरियमच्या, म्हणजे वनस्पतींचे नमुने जपणाऱ्या संग्रहाच्या, डेनिझ मोलमू यांना २०१८ मध्ये तिच्या धबधब्यांवर याच कुळातली एक वनस्पती मिळाली. सॅक्सिकोलेला डेनिसी, त्यांच्याच नावावरून. वर्णन छापून आलं २०२२ मध्ये. तोवर ४५० मेगावॅटच्या सूआपिती धरणाचं पाणी त्या धबधब्यांवरून गेलं होतं. उपग्रहाच्या चित्रांत ती जागा पाण्याखाली दिसते, आणि वर्णन करणाऱ्यांनीच ती वनस्पती बहुधा जगातून नाहीशी झाली असं नोंदवलं. अख्ख्या धरणापुढे कुणा एका माणसाचं चाललं नसतं, हे मला कळतं. पण आपल्याकडे प्रश्न दोन थरांचा होता, आणि तो सोडवायला तुम्ही तिथे होता.

आता कामाचं. तुम्ही गोळा केलेला नमुना निबंधात पॅराटाइप म्हणून, म्हणजे नावाच्या मुख्य नमुन्याच्या जोडीचा नमुना म्हणून, दिला आहे, आणि हर्बेरियममधल्या लेबलवर 'संग्राहक' या रकान्यात तुमचं पूर्ण नाव आहे, तुम्ही होकार दिलात तसंच, वडिलांच्या नावासकट. चिठ्ठी फेकलेली नाही, ती त्याच बाटलीत राहील. निबंध इंग्रजीत आहे, म्हणून त्याचा मराठी गोषवारा संस्थेच्या कार्यालयात लावायला वेगळा लिहिला आहे. तो घेऊन मी स्वतः येईन.

एक विनंती उरते. वरचे थर घालण्याआधी दर वर्षी एकदा खडकांवरची बोंडं वाळली आहेत का ते बघायचं, एवढी एक ओळ संस्थेच्या ठरावात घेता येईल का? बहुतेक वर्षी ती वाळलेलीच असतील आणि कुणाचं एक दिवसाचंही पाणी अडणार नाही. सभेची तारीख कळवा. कुणाच्या मनात शंका असेल तर सूक्ष्मदर्शक घेऊन येते, ज्याला बघायचं त्याने बघावं.

मामींना नमस्कार. त्यांनी बाटलीसोबत पाठवलेली भाकरी-चटणी पोचली होती, तेही फोनवर सांगायचं राहिलं.

आपली,
वनस्पतीशास्त्राची मॅडम