दातांचा पिवळेपणा म्हणजे अस्वच्छता नव्हे

माननीय संपादक,

दात ‘मोत्यासारखे’ करणाऱ्या कोळशाच्या पावडरींच्या जाहिराती हल्ली सतत दिसतात, म्हणून हे पत्र. दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे एनॅमल, अर्धपारदर्शक असते आणि त्याखालचे डेंटिन मुळातच पिवळसर; वय वाढते तसे कवच पातळ होते व आतला रंग अधिक दिसू लागतो. त्यामुळे खरखरीत पावडरने जोरात घासणारा माणूस, ज्या पिवळेपणापासून त्याला सुटका हवी असते, तोच वाढवून घेतो, आणि झिजलेले एनॅमल शरीर पुन्हा तयार करत नाही.

चहा, तंबाखू, मिश्री यांचे डाग बहुधा वरवरचे असतात. दंतवैद्याकडील सफाईने ते बरेचसे निघतात. मात्र आठ वर्षांखालील मुलांना दिलेल्या टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिक औषधाचा करडा-तपकिरी रंग दाताच्या आत मुरलेला असतो. चंद्रपूर, यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांत लहानपणी जास्त फ्लोराइडचे पाणी प्यायलेल्यांचे डागही घासून जात नाहीत. तिकडून मुंबईत शिकायला आलेल्या माझ्या भाचीला एका मुलाखतीत ‘दात घासत नाहीस का?’ असे विचारले गेले. त्या दिवसापासून ती हसताना तोंडावर हात धरते, हे पाहवत नाही.

एकच दात काळवंडला असेल, तर मार लागून आतली नस मेलेली असू शकते. तो दात विनाविलंब दाखवावा. मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय त्यासाठी आहे.

– एक वाचक, परळ, मुंबई