ताई, तुम्ही माझं वजन कधीच विचारलं नाही

प्रिय ताई,

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता, "ते राहू दे, आज पाणी किती प्यायलीस?" असं काहीतरी काढता, म्हणून हे इथे लिहून टाकतेय, आणि मुद्दाम चारचौघांत लिहितेय म्हणजे तुम्हाला मधेच तोडता येणार नाही. माझ्या कोच आहात एवढंच सांगते, नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीये. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

रेस झाली. स्प्रिंट ट्रायथलॉन, म्हणजे ७५० मीटर पोहणं, मग २० किमी सायकल, मग ५ किमी धावणं, सगळं सलग. (बऱ्याच जणांना ट्रायथलॉन म्हटलं की थेट आयर्नमॅनच वाटतं, ते ३.८ किमी, १८० किमी आणि ४२.२ किमी असतं, ती दुनियाच वेगळी, आमच्यासारख्यांची सुरुवात इथूनच होते.) दोन तासांच्या आत संपली. आणि या सगळ्या भानगडीत माझं १८ किलो वजन गेलं. आता भेटेल तो फक्त त्या १८ किलोंबद्दल विचारतो, काय खातेस, काय सोडलंस, रात्री जेवतेस की नाही, आणि मला दर वेळी तुमची आठवण येते, कारण एवढ्या महिन्यांत ज्यांनी एकदाही माझं वजन विचारलं नाही अशा तुम्ही एकट्याच.

तुमचे प्रश्न वेगळेच असायचे. झोप किती झाली, सकाळी जिने उतरताना पाय कसे वाटले, काल सायकलवरून उतरल्यावर काही खाल्लंस की तशीच ऑफिसला पळालीस. आणि एकदा चेंजिंग रूममध्ये केस पुसता पुसता, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात इतक्या सहज, "पाळी वेळेवर येतेय ना गं?"

येत नव्हती. दोन महिने झाले होते आणि मी ते स्ट्रेस, वय, कामाचा ताण असल्या खात्यावर टाकून मोकळी झाले होते. तुम्ही टॉवेल खाली ठेवलात आणि दिवसभरात काय काय खातेस ते पहिल्या चहापासून सांग म्हणालात. मी सांगितलं. तेव्हा माझ्या फोनमधल्या अ‍ॅपने मला रोजचा १२०० कॅलरीचा आकडा दिला होता आणि मी तो इमानेइतबारे पाळत होते, वर आठवड्यातून सहा दिवस ट्रेनिंग. तुम्ही रागावला नाहीत, लेक्चर दिलं नाहीत, फक्त म्हणालात की आधी डॉक्टरांकडे जा, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं तपासून घे, आणि जाईपर्यंत पळणं बंद, हलकं पोहलीस तर चालेल. डॉक्टरांनीही नंतर तेच सांगितलं, खाणं ट्रेनिंगला पुरत नाहीये, शरीराला रोजचं काम भागवायलाच शक्ती उरत नाही तेव्हा ते जी कामं पुढे ढकलता येतात ती बंद करतं, पाळी त्यातली एक, आणि असंच चालू राहिलं तर हाडांवर जातं. याला रेड-एस म्हणतात, २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने हे नाव पुढे आणलं, हे सगळं मला नंतर वाचून कळलं. मला वाटायचं असलं काही बारीक, काटकुळ्या मॅरेथॉनवाल्या मुलींनाच होतं. नव्वद किलोच्या बाईलाही होऊ शकतं हे कोणी सांगितलंच नव्हतं, कारण नव्वद किलोच्या बाईला कमी खा हेच सांगायची सगळ्यांना इतकी सवय असते.

तुमचं म्हणणं एकच होतं आणि तुम्ही ते शेवटपर्यंत सोडलं नाहीत, की वजन उतरवणं आणि रेसची तयारी ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्ही एकदम पूर्ण जोरात होत नाहीत, एकाला पुढे काढायचं तर दुसऱ्याने थोडं थांबायचं. म्हणून सुरुवातीचे महिने, जेव्हा ट्रेनिंग हळू आणि सोपं असतं, तेव्हा वजनाला वाव, तोही आठवड्याला अर्धा किलोच्या वर नाही. आणि रेसच्या आधीचे दोन-अडीच महिने वजनाचा विषय बंद. काटा कपाटावर. मला भीती होती की तेवढ्यात सगळं परत चढेल. नाही चढलं, उलट थोडं आपोआप उतरत राहिलं, पण मी रोज बघत नव्हते म्हणून मला ते रेसनंतरच कळलं.

आणि ते गणित, जे तुम्ही मला पूलच्या कट्ट्यावर बसून करायला लावलंत! एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. धावताना ढोबळमानाने किलोमीटरला किलोमागे एक कॅलरी जाते, म्हणजे ९० किलोच्या माणसाला ५ किमीला साडेचारशेच्या आसपास. मग एक किलो चरबी निव्वळ पळून घालवायची तर किती वेळा ५ किमी? सतरा. आणि तेसुद्धा पळून आल्यावर एक घासही जास्त खाल्ला नाही तर. मी थक्क होऊन बसले आणि तुम्ही म्हणालात, "म्हणून सांगते, पळायचं ते पळता यावं म्हणून, जेवणाची शिक्षा म्हणून नाही." खरं सांगते, एवढ्या वर्षांत व्यायाम या गोष्टीकडे मी दुसऱ्या कुठल्या नजरेने बघितलंच नव्हतं. आदल्या दिवशी लग्नात जेवले म्हणून दुसऱ्या दिवशी ट्रेडमिल, हेच माहीत.

खाण्याचं तुम्ही जे लावून दिलंत ते इतकं साधं होतं की मला आधी शंकाच आली. ज्या दिवशी लांब किंवा जोराचं सेशन त्या दिवशी कमी खायचं नाही, सेशनच्या आधी आणि नंतर तर अजिबात हात आखडायचा नाही. काटकसर करायची ती फक्त सुट्टीच्या आणि हलक्या दिवशी. प्रत्येक जेवणात प्रोटीन दिसलं पाहिजे, एकाच वेळी ढीगभर नको. सायकल तासाच्या वर गेली की खिशात काहीतरी हवंच, केळं, खजूर, काहीही, तासाला ३० ग्रॅम कार्बपासून सुरू कर आणि पोटाला जमेल तसं वाढव. मी पहिल्यांदा सायकलवर केळं खाल्लं तेव्हा मला चोरी केल्यासारखं वाटत होतं, वजन कमी करायला निघालेली बाई व्यायामाच्या मधे खाते म्हणजे काय! पण त्या दिवशी घरी येऊन मी फ्रीज रिकामा केला नाही, आणि हा बदल माझ्यासाठी फार मोठा होता, कारण माझा सगळा घोळ संध्याकाळी सात ते अकरामध्येच व्हायचा. दिवसभर उपाशी राहून आलेली भूक मी वर्षानुवर्षं मनाचा कमकुवतपणा समजत होते.

पाण्यात तर तुम्ही मला वेगळंच काही दाखवलंत. दुसऱ्या एका कोचने मला आधी दहा किलो उतरव मग बघू असं सांगून परत पाठवलं होतं (कोण ते तुम्हाला माहितीये, सोडून द्या). तुम्ही म्हणालात पाण्यात तुझं वजन कोणी मोजत नाही, चरबी तरंगते, तुझा प्रॉब्लेम श्वासाचा आहे. आणि खरंच होतं. मी तोंड पाण्यात गेलं की श्वास धरून ठेवायचे आणि वर आल्यावर सोडणं-घेणं दोन्ही एकदम करायला जायचे, मग पंचवीस मीटरला जीव घाबराघुबरा. मला वाटायचं स्टॅमिना नाही. तुम्ही मला पोहूच दिलं नाहीत कितीतरी दिवस, कठड्याला धरून नुसतं तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडायचे, सावकाश, नाकातून, पूर्ण रिकामं होईपर्यंत, मग मान फिरवून एक श्वास. शेजारच्या लेनमधली सहा-सात वर्षांची पोरं माझ्याकडे बघून हसायची. घुसमट होते ती बऱ्याचदा आत कार्बन डायऑक्साइड साठतो म्हणून, ऑक्सिजन संपला म्हणून नाही, हे एकदा डोक्यात बसलं आणि एका सकाळी मी न थांबता अख्खा पूल पार केला, वळले, आणि परत आले. तुम्ही घड्याळाकडे बघत होतात, माझ्याकडे नाही. "चल, अजून एकदा." बस, एवढंच कौतुक.

धावण्याचं मात्र तुम्ही फार कंजूषपणे दिलंत. मी कुरकुर करायचे, बाकीचे एवढं पळतात आणि मला एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल. पण पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या दुप्पट-तिप्पट भार जमिनीवरून परत येतो, म्हणजे माझ्या बाबतीत दोनशे किलोच्या पुढे, एका पायावर, आणि हृदय-फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात पण स्नायूबंध आणि हाडांना कितीतरी महिने लागतात. म्हणून दम वाढवायचं काम सायकलवर आणि पाण्यात, आणि पळणं चमच्या-चमच्याने. माझ्याबरोबर सुरू केलेल्या दोघी नडगीच्या दुखण्याने मधेच थांबल्या, मी नाही थांबले.

आणि बारीकसारीक गोष्टी ज्या कुठल्याच ट्रेनिंग प्लॅनमध्ये लिहिलेल्या नसतात! टायरमधली हवा बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरायची असते हे मला माहीतच नव्हतं, दुकानातून आणली तशी चालवत होते आणि सारखी ट्यूब पंक्चर. मांड्यांना आतून वॅसलीन, ट्राय-सूटच्या (तिन्ही प्रकारांत अंगावर राहणारा घट्ट सूट) शिवणींवर पण. सूट घेताना साइजच्या आकड्याकडे बघू नकोस, हात वर करून श्वास घेता येतो का ते बघ. (ट्रायल रूममध्ये तो सूट चढवतानाच माझा अर्धा वर्कआउट झाला होता.) सायकलवरून उतरून लगेच पळायचं ते ब्रिक सेशन पहिल्यांदा केलं तेव्हा पाय माझे नव्हतेच, आणि तुम्ही शेजारून चालत, हो चालत, म्हणालात "हे असंच होतं, सगळ्यांना होतं, पहिला किलोमीटर फक्त सहन कर." तुम्ही चालत होतात आणि मी पळत होते आणि आपला वेग एकच होता, हे मी विसरणार नाही हं.

रेसच्या आठवड्यात मी तुम्हाला तो मेसेज केला होता आठवतोय? काटा चुकून बघितला आणि दीड किलो वाढलेलं. मी रडायच्या बेतात. तुमचा रिप्लाय आला की ट्रेनिंग कमी केलंय, जेवण नीट चाललंय, स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले कार्ब, भरतंय आणि त्याच्या एकेका ग्रॅमबरोबर जवळजवळ तीन ग्रॅम पाणी साठतं, ती चरबी नाही, ते पेट्रोल आहे, टाकी फुल करून जा. मग खाली आणखी एक ओळ, "आणि काटा परत वर ठेव."

रेसच्या दिवशी पाण्यात शेवटी आणि कडेला उभी राहिले, तुम्ही सांगितलं तसं. तरी पहिल्या बॉयच्या (पाण्यातली तरंगती खूण) आधी कोणाची तरी लाथ बसली, गॉगलमध्ये पाणी गेलं आणि ती जुनी घुसमट आलीच. पण घाबरलीस तर उलटी हो, पाठीवर तरंग, ब्रेस्टस्ट्रोक कर, मदतीची छोटी होडी असते ती कयाक धरून थांब, त्याचा आधार घेऊन पुढे सरकली नाहीस तर नियमात बसतं, हे तुम्ही इतक्या वेळा सांगितलं होतं की मी खरंच कयाक धरला. त्यातल्या पोराने विचारलं ठीक आहे का, मी म्हटलं एक मिनिट, तोंड पाण्यात घातलं, बुडबुडे सोडले, आणि निघाले. ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहून येऊन सायकल घ्यायच्या जागी, आधी हेल्मेटचा बकल, मगच सायकलला हात, हे मी मोठ्याने म्हणत होते, शेजारची बाई हसली आणि तिनेही हात मागे घेऊन आधी बकल लावला. सायकल मस्त गेली. पळताना तिसऱ्या किलोमीटरला मी चालले, थोडंसं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

डॉक्टरांचे रिपोर्ट आता नॉर्मल आहेत, पाळी कधीच सुरळीत झालीये, हे तुम्हाला माहितीये पण इथे वाचणाऱ्या एखादीला उपयोग होईल म्हणून लिहिलं. माझ्यासारखं कोणाचं होत असेल तर बाई गं, आधी डॉक्टरकडे जा, अ‍ॅपला विचारू नकोस.

थँक्यू ताई. खूप म्हणजे खूप. आता पुढच्या सीझनला ऑलिंपिक डिस्टन्सचा विचार डोक्यात आहे, दीड किमी, ४० आणि १०, तुम्ही अजून वेळ आहे म्हणणार मला माहितीये, पण फॉर्म सुटलेत आणि लवकर भरले तर फी कमी आहे, तर हो की नाही ते या आठवड्यात सांगा.

तुमची,
लेन चारमधली